कानफाट्या नाव पडलेली गाडी



१५ मार्च हा जागतिक ग्राहक हक्क दिन. ही तारीख आली कुठून? १९६२ साली याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी आपल्या संसदेला एक संदेश पाठवला. वस्तू विकत घेणाऱ्या माणसाला चार हक्क आहेत असं त्यात म्हटलं होतं. वस्तू सुरक्षित असण्याचा, तिची खरी माहिती मिळण्याचा, चार वस्तूंतून निवड करण्याचा आणि आपलं म्हणणं ऐकलं जाण्याचा. शब्द फार चांगले. पण हे शब्द कागदावर उमटत होते तेव्हा त्याच देशाच्या रस्त्यांवर एक छोटी गाडी धावत होती. हे हक्क प्रत्यक्षात किती तोकडे आहेत, ते पुढच्या चार वर्षांत त्या गाडीने साऱ्या देशाला दाखवून दिलं. आज आपण तिचीच गोष्ट ऐकू. तिचं नाव शेवरोले कॉर्व्हेअर.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतली साठ वर्षांपूर्वीची गाडी, तिचं आपल्याला काय? गोष्ट संपेपर्यंत थांबा. मिक्सर, शिलाई मशीन, गॅसची शेगडी, फवारणीचा पंप, स्कूटी, आपल्याही घरात यंत्रं आली आहेत. यंत्र बिघडलं किंवा अपघात झाला की पहिलं बोट कोणाकडे जातं? वापरणाऱ्याकडे. आणि वापरणारी बाई असली तर मग विचारायलाच नको.

गोष्ट सुरू होते १९५९ साली. तेव्हाच्या अमेरिकन गाड्या म्हणजे लांबलचक, जडशीळ आणि पेट्रोल पिणाऱ्या. पण लोकांना आता आटोपशीर गाडी हवी होती. जर्मनीची फोक्सवॅगन बीटल ही कासवाच्या पाठीसारखी गाडी तिकडे भराभर खपू लागली होती. त्या वर्षी अमेरिकेत विकल्या गेलेल्या दर दहा गाड्यांतली साधारण एक परदेशी होती. मोठ्या कंपन्यांना घाम फुटला. तिघींनीही एकाच हंगामात आपापली छोटी गाडी बाजारात आणली. फोर्डने फाल्कन आणली, क्रायस्लरने व्हॅलियंट, आणि सगळ्यात मोठ्या जनरल मोटर्सने शेवरोले या आपल्या नावाखाली कॉर्व्हेअर.

छोटी म्हणजे त्यांच्या मानाने छोटी. लांबी पंधरा फूट, आत सहा माणसं बसायची. किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास. फाल्कन आणि व्हॅलियंट या जुन्याच पद्धतीच्या गाड्या होत्या, फक्त आकाराने लहान केलेल्या. कॉर्व्हेअर मात्र अगदी वेगळी होती. तिचं इंजिन पुढे नव्हतं, मागे डिकीच्या जागी होतं. ते ॲल्युमिनियमचं, सहा सिलिंडरचं होतं आणि पाण्याऐवजी हवेवर थंड व्हायचं. म्हणजे रेडिएटर नाही, पाणी बदलायला नको, आणि तिकडच्या कडाक्याच्या थंडीत पाणी गोठायची भीतीही नाही. पुढच्या चाकांवर भार कमी, त्यामुळे स्टिअरिंग हलकं. आतली जमीन जवळजवळ सपाट, कारण मधून जाणारा दांडा नाही. मागच्या चाकांवर वजन असल्यामुळे बर्फात आणि चिखलात गाडी चांगली निघायची. त्या वर्षी ‘मोटर ट्रेंड’ या मासिकाने तिला वर्षातली उत्तम गाडी ठरवलं. पुढे तिचे आणखी प्रकार निघाले. त्यांतला रॅम्पसाइड नावाचा माल वाहण्याचा टेम्पो तर मोठा सोयीचा होता. त्याच्या हौद्याची कुशीची फळी खाली पाडली की जमिनीपर्यंत उतार तयार व्हायचा. पिंप असो की जड पेटी, उचलायला नको, नुसती ढकलत चढवायची.

मग या गुणी गाडीचं नाव कशामुळे गेलं?

बैलगाडी भरणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल. मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते. पुढचं जू वर उचलतं आणि मागचा भाग गाडीला ओढू लागतो. कॉर्व्हेअरमध्ये इंजिन मागे असल्यामुळे दर शंभर किलो वजनातलं साठ किलोहून अधिक वजन मागच्या चाकांवर यायचं. वळणावर वेग जरा जास्त झाला की मागचा भाग बाहेर फेकला जायचा. पुढे इंजिन असलेल्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसाला हे नवीन होतं. अशा वेळी हाताला जी सवय, तीच नेमकी घात करायची.

दुसरी गोष्ट मागच्या चाकांची. त्यांचे आस एकसंध नव्हते. दाराला बिजागरी असते, तसा प्रत्येक चाकाचा आस आतल्या टोकाशी सांध्यावर हलायचा. जोराच्या वळणावर गाडीचा मागचा भाग उचलला गेला की बाहेरच्या अंगाचं चाक आत दुमडायचं आणि रस्त्यावर सपाट टेकण्याऐवजी कडेवर उभं राहायचं. पाय मुरगळल्यावर कसा होतो, तसंच. मग गाडी गरकन फिरायची, कधी उलटायचीही.

यावर उपाय नव्हता का? होता. पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक पोलादी कांब बसवली की वळणावरचं डोलणं कमी होतं. तिची किंमत थोडेच डॉलर. पण गाडी स्वस्त ठेवायची म्हणून कंपनीने ती कांब सुरुवातीला बसवलीच नाही. त्याऐवजी उपाय कुठे ठेवला, तर चाकांच्या हवेत. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं, गाडी थंड असताना पुढच्या चाकांत १५ पौंड हवा ठेवा आणि मागच्या चाकांत २६ पौंड. पुढची चाकं मऊ ठेवली की वळणावर आधी पुढचा भाग घसरतो, मागचा नाही. मग गाडी हाताबाहेर जात नाही. म्हणजे जी सुरक्षितता कांबेने द्यायची, ती आता गाडीवाल्याने दर आठवड्याला हवा तपासून स्वतःच स्वतःला द्यायची.

आता विचार करा. पुस्तिका कोण वाचतं? आपल्या घरी आलेल्या किती वस्तूंची पुस्तिका आपण वाचली आहे? अमेरिकेतही तसंच होतं. त्या काळी तिथे पेट्रोल पंपावरचा मुलगाच पेट्रोल भरता भरता हवाही भरून द्यायचा. बाकी सगळ्या गाड्यांच्या चारही चाकांत जवळपास सारखी हवा. त्याने या गाडीतही तशीच भरली की पुढची चाकं कडक व्हायची आणि मागचा भाग आधी सुटायचा. ‘अकरा पौंडांचा फरक न ठेवल्यास गाडी वळणावर दगा देऊ शकेल’ असं कोणी मालकाला ठणकावून सांगितलं नव्हतं. आकडा सांगितला होता, कारण सांगितलं नव्हतं. चुलीवरून पातेलं उतरवताना ‘फडक्याने धर’ म्हणणं वेगळं, आणि ‘पातेलं तापलंय, हात भाजेल, फडक्याने धर’ म्हणणं वेगळं.

ही गाडी बाळगणं म्हणजे आणखी काही सवयी लावून घेणं. इंजिन थंड ठेवणारा पंखा वर आडवा बसवलेला होता आणि त्याला फिरवणारा पट्टा काटकोनात वळण घेऊन जायचा. गिरणीचा पट्टा वाकडा चालला की कसा निसटतो, ते आपल्याला माहीत आहे. इथेही तसंच व्हायचं. पट्टा तुटला की पंखा बंद, आणि पंखा बंद पडल्यावर गाडी तशीच दामटली की इंजिन तापून खराब. म्हणून जाणते मालक जादा पट्टा आणि पाना कायम गाडीत ठेवायचे आणि दिवा लागला की तिथल्या तिथे थांबायचे. इंजिनाच्या उष्णतेने रबरी कड्या कडक व्हायच्या आणि तेल झिरपायचं. हिवाळ्यात गाडीत ऊब यायची ती इंजिनावरून आलेल्या गरम हवेचीच. तेल गळत असेल तर त्या उबेबरोबर तेलाचा वास आत यायचा. धूर नेणाऱ्या नळीचा जोड सैल असेल तर विषारी वायूही आत येऊ शकायचा. जपून वापरणाऱ्याला ही गाडी प्यारी होती. पण साधी, रोजची, डोळे झाकून वापरायची गाडी म्हणून जिची जाहिरात झाली, तिला एवढं जपावं लागणं हीच खरी अडचण होती.

अपघात होऊ लागले. कॅलिफोर्नियातल्या एका बाईची कॉर्व्हेअर उलटली आणि तिचा डावा हात गेला. ती काही भरधाव जात नव्हती. तिने कंपनीवर दावा लावला. खटला सुरू झाला आणि तीन दिवसांत कंपनीने ७० हजार डॉलर देऊन तो मिटवला. असे शंभराहून अधिक दावे देशभर उभे राहिले. त्यांतले काही कंपनीने जिंकलेही.

या बाईच्या अपघातापासून एका तरुण वकिलाने आपलं पुस्तक सुरू केलं. त्याचं नाव राल्फ नेडर. आईवडील लेबनॉनमधून आलेले, घर कनेक्टिकट राज्यातल्या एका लहान गावातलं. पुस्तक आलं नोव्हेंबर १९६५ मध्ये. त्याच्या नावाचा अर्थ असा, की कुठल्याही वेगाला धोक्याचीच. कॉर्व्हेअरवर त्यात फक्त पहिलं प्रकरण आहे. बाकीची प्रकरणं सगळ्याच गाड्यांबद्दल आहेत. धडकेत छातीत घुसणारा स्टिअरिंगचा दांडा, डोकं आपटेल असे पुढचे कडक भाग, डोळे दिपवणारं चकचकीत क्रोम, हे सगळं त्यात आलं आहे. नेडरचं म्हणणं थोडक्यात असं होतं. अपघात झाला की तुम्ही चालवणाऱ्याला दोष देता. पण माणूस चुकणारच, हे माहीत असताना चूक झाली तरी जीव वाचेल अशी गाडी का बनवत नाही?

कंपनीने काय केलं? चूक असेल तर दुरुस्त करावी, नसेल तर पुराव्याने सांगावं. ते सोडून तिने नेडरच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले. त्याच्या ओळखीच्यांकडे खोदून खोदून चौकश्या झाल्या. त्याच्या चारित्र्यात काही सापडतं का, याचा शोध घेतला गेला. हे उघडकीला आलं आणि मार्च १९६६ मध्ये सिनेटच्या समितीपुढे, साऱ्या देशाच्या देखत, कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना माफी मागावी लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुस्तक लोकांच्या हातोहात गेलं. पुढे नेडरने लावलेल्या दाव्यात १९७० साली कंपनीला ४ लाख २५ हजार डॉलर द्यावे लागले, आणि ते पैसे त्याने ग्राहकांच्याच कामाला लावले.

त्याच १९६६ च्या सप्टेंबरमध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. गाडी किती सुरक्षित असावी, हे ठरवायचा अधिकार पहिल्यांदा देशाच्या सरकारकडे आला. १९६८ पासून नव्या गाड्यांत सीटबेल्ट सक्तीचे झाले. धडकेत आत दबणारे स्टिअरिंगचे दांडे आले. दोष निघाला तर मालकांना कळवणं कंपन्यांवर बंधनकारक झालं. १९६६ साली अमेरिकेत गाड्यांच्या दर दहा कोटी मैल प्रवासामागे पाचाहून अधिक माणसं मरत होती. आज हा आकडा दीडच्या आत आहे. यात रस्ते, दवाखाने, दारू पिऊन चालवण्याविरुद्धचे कायदे यांचाही वाटा आहे. पण सुरुवात इथून झाली.

आता गोष्टीचा दुसरा भाग ऐका, कारण अर्धी गोष्ट सांगून आम्ही तुम्हाला सोडणार नाही.

कंपनीने गाडी सुधारली होती. १९६४ च्या गाडीत ती पोलादी कांब सर्रास आली आणि मागे आणखी एक आडवा पाटा बसवला गेला. १९६५ च्या गाडीची तर मागची सगळी जोडणीच नवी केली, चाक आत दुमडण्याचा दोष गेला. म्हणजे नेडरचं पुस्तक दुकानात आलं तेव्हा दुकानातली नवी कॉर्व्हेअर ही दोष गेलेली कॉर्व्हेअर होती. पण ते कोण ऐकणार? एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. १९६५ च्या हंगामात दोन लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. पुढच्याच हंगामात आकडा एक लाखाच्या आसपास आला. १९६९ च्या मे महिन्यात गाडी कायमची बंद झाली, त्या वर्षी फक्त ६ हजार बनल्या. सगळा दोष पुस्तकाचाच होता असंही नाही. १९६४ साली फोर्डची मस्टँग आली आणि तरुण गिऱ्हाईक तिकडे वळलं, हेही खरं. दहा हंगामांत साधारण १८ लाख कॉर्व्हेअर बनल्या.

आणि मग १९७२ साली सरकारी वाहन सुरक्षा खात्याचा अहवाल आला. त्यांनी १९६३ ची जुनी कॉर्व्हेअर घेऊन तिला त्याच काळातल्या फाल्कन, व्हॅलियंट, बीटल आणि रेनॉ डॉफिन या गाड्यांबरोबर वळणावर पळवून पाहिलं. निष्कर्ष निघाला की कॉर्व्हेअर ताबा सुटण्यात किंवा उलटण्यात त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा वेगळी धोकादायक नव्हती. बाहेरच्या तीन तज्ज्ञांनीही तेच म्हटलं. नेडरला हा अहवाल मान्य झाला नाही.

मग खरं कोण? आम्हाला वाटतं, दोन्ही बाजू एकत्र धरल्या तरच अर्थ लागतो. गाडी इतरांपेक्षा वाईट नसेलही. पण त्या काळी सगळ्याच गाड्या आजच्या मानाने धोक्याच्या होत्या, हेही तितकंच खरं. नाव एकीचं गेलं, सुधारणा मात्र सगळ्यांना करावी लागली. स्वस्त कांब वाचवून जबाबदारी गिऱ्हाइकाच्या गळ्यात टाकायची आणि त्याला कारण न सांगता नुसता आकडा सांगायचा, ही चूक कुठल्याही अहवालाने बरोबर ठरत नाही.

यात तिसरी बाजू आहे मालकांची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ज्यांनी पै पै साठवून ही गाडी घेतली होती त्यांचं काय? कायदे झाले, भाषणं झाली, कंपनीने कारखाना दुसऱ्या गाड्यांकडे वळवला. पण अंगणात उभी असलेली गाडी त्यांचीच राहिली. विकायला काढली तर किंमत येईना, चालवायची तर शेजारीपाजारी मान हलवायचे. त्यांतल्या पुष्कळांनी गाडी टाकली. काहींनी मात्र ती समजून घेतली. हवा मोजायचं छोटं यंत्र गाडीत ठेवलं, पट्टा बदलायला शिकले, रबरी कड्यांच्या जागी उष्णता सोसणाऱ्या नव्या कड्या घातल्या. गाडी बंद पडली त्याच १९६९ साली मालकांनी आपली एक संघटना काढली. ती आजही आहे. एकमेकांना सुटे भाग मिळवून द्यायचे, दुरुस्ती शिकवायची, माहिती छापायची. कंपनीने जी माहिती सुरुवातीला नीट द्यायला हवी होती, ती मालकांनी एकमेकांना दिली. बचत गट चालवणाऱ्या आपल्यासारख्या बायांना यात नवल वाटायला नको. एकटीला जे जमत नाही ते दहाजणींना जमतं.

आपल्याकडे काय आहे, तेही पाहू. आपला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ सालचा. २४ डिसेंबरला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो आपला राष्ट्रीय ग्राहक दिन. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला, तो जुलै २०२० पासून लागू आहे. या नव्या कायद्यात एक मोठी गोष्ट आली. वस्तूमुळे इजा झाली तर बनवणारा जबाबदार धरता येतो. वस्तू बनवताना दोष राहिला तरी, तिची रचनाच चुकीची असली तरी, आणि इजा टाळण्यासाठी पुरेशा सूचना किंवा इशारा दिला नसला तरीही. कॉर्व्हेअरचा सगळा वाद या तीन गोष्टींत बसतो की नाही बघा. गाड्यांसाठी २०१९ सालीच मोटार वाहन कायद्यात बदल झाला. दोष असलेल्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करायला लावायचा अधिकार त्याने सरकारला दिला.

तक्रार आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. आधी नुसती चौकशी करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पण कायद्याची दुसरी बाजूही ऐका. सूचना नीट दिलेली असताना आपण ती पाळली नाही, तर आपली बाजू लंगडी पडते. म्हणून पावती जपायची आणि पुस्तिका वाचायची. आपल्याला येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्यायची. दुकानदाराने ‘असंच करा’ म्हटलं की ‘का?’ विचारायचं. स्कूटीच्या पुढच्या आणि मागच्या चाकात हवा वेगवेगळी लागते, आणि मागे माणूस बसणार असेल तर आणखी वेगळी, हे किती जणींना माहीत आहे? तो आकडा पुस्तिकेत असतो, आणि बहुतेक वेळा गाडीवरच चिकटवलेलाही असतो.

आणि एक सांगायचं. कोणी म्हटलं की अमकी वस्तू वाईट, तमकी कंपनी चोर, तर लगेच मान डोलवायची नाही. काय बिघडलं, कधी बिघडलं, कोणत्या सालचा माल, आधी वापर कसा झाला, हे विचारायचं. कॉर्व्हेअरच्या चांगल्या गाड्याही वाईट गाड्यांच्या नावावर बुडाल्या. तसंच कोणी म्हटलं की बाईला चालवता येत नाही म्हणून पडली, तर तेही तसंच गिळायचं नाही. आधी चाकातली हवा बघायची, ब्रेक बघायचा, रस्ता बघायचा.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या एका यंत्राची पुस्तिका घेऊन या. मोठ्याने वाचा. ‘असं करा’ लिहिलंय पण ‘का’ लिहिलेलं नाही, अशा जागेवर पेन्सिलने खूण करा. त्या खुणा घेऊन दुकानदाराकडे दोघी-तिघी मिळून जा. उत्तर मिळालं तर गटाच्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या बाईला पुन्हा विचारावं लागणार नाही.